मागच्या वर्षात राहणारा कॉम्प्युटर

शेगावात आमच्या घरापुढच्या दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासोबत अँटिव्हायरसची एक फ्लॉपीही आली. विकणारा म्हणाला, हा तुमचा पहारेकरी, पण दर महिन्याला याला नव्या चोरांची ओळख करून द्यावी लागेल. ती ओळख खामगावहून पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची. मी स्टँडवर उभा राहायचो. पाकीट देताना कंडक्टर दर वेळी हातानं वजन करायचा आणि विचारायचा, "हे रिकामं पाकीट कोन पाठवून राह्यलं बे तुले?" मी काही बोलायचो नाही. आपण काहीतरी गुप्त आणि मोठं काम करतो आहोत, असं दाखवायची संधी मला आयुष्यात फार वेळा मिळालेली नाही.

पुढे फ्लॉपीची सीडी झाली. पहारेकरी जाड झाला. पूर्वी मी सांगितलं की तो तपासायचा, आता कॉम्प्युटर सुरू होताच न विचारता तपासायला लागायचा आणि तेवढ्या वेळात माझा चहा होऊन जायचा. कोपऱ्यात एक हिरवी खूण दिसायची. ती दिसली की सगळं ठीक. मी गिऱ्हाइकांना ती मुद्दाम दाखवायचो. लग्नपत्रिका छापून घ्यायला आलेल्या माणसाला त्या खुणेशी काय देणंघेणं असणार, पण बिचारे मान डोलवायचे.

त्या पहारेकऱ्याचा करार वर्षाचा. वर्ष संपलं आणि हिरव्या खुणेची लाल झाली. नेमके त्या दिवाळीला माझे धाकटे मेहुणे आले होते. मेहुणे म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. सोनाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, त्यामुळे आमच्या घरात त्या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यात जावई. लाल खूण पाहून ते हसले.

"भाऊ, नवीन काऊन घेता? तारीख मागं घ्या ना."

"म्हणजे?"

"वर्ष एकानं कमी करून टाका. दिवस, महिना तोच राहू द्या. त्याले वाटते, अजून करार चालूच आहे."

त्यांनी दोन बटणं दाबली आणि खूण हिरवी झाली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाह्यलं? जावईबापूंनी हात लावला की काम होते." मी वर्षभर हात लावत होतो त्याचं काय, हा प्रश्न गिळून मी करंजी खाल्ली.

असा आमचा कॉम्प्युटर मागच्या वर्षात राहायला गेला. सुखात होता. नव्या चोरांची त्याला खबर नव्हती, कारण त्याच्या लेखी ते अजून जन्मायचेच होते.

जन्माला आला तो माझा भाचा. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पोटात असल्यापासून ती त्याच्याशी एकाच नावानं बोलायची. मुलगा होवो की मुलगी, दोघांनाही शोभेल असं नाव तिनं शोधलं होतं. दुपारी पडल्या पडल्या ती पोटावर हात ठेवून त्या नावानं हाक मारायची आणि मग आम्हा सगळ्यांना सांगायची, "ओ देल्ला त्यानं."

शुक्रवारी सकाळी, नऊच्या सुमाराला बाळ झालं. मी पेढे आणायच्या आधी दुकान उघडलं. माझ्याकडे जन्मपत्रिका करायचं सॉफ्टवेअर होतं. आपल्या भाच्याची पत्रिका त्याच दिवशी, त्याच्या मामाच्या हातची, ही हौस. आजची तारीख ते आपोआप घालायचं, वर्ष मात्र शकात छापायचं, जे आमच्यात कुणाला पाठ नसतं. मी फक्त वेळ आणि गाव भरलं. छान रंगीत बॉर्डर निवडली. पत्रिकेवर अक्षर आलं ठ.

दवाखान्यात विहीणबाई, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, पोचल्या होत्या. त्यांनी पत्रिका कपाळाला लावली. "आमच्यात राशीच्या अक्षरावरूनच नाव. अन् एकच नाव. पत्रिकेतलं येगळं अन् हाक मारायचं येगळं, असं चालत नाही."

बहिणीनं कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"भाऊ, याच्यात गुरुवार लिव्हलाय. आज शुक्रवार ना?"

"पंचांगाचा वार वेगळा असतो," मी म्हणालो. "सूर्योदयापासून धरतात."

"नऊ वाजता सूर्य उगवला नव्हता काय?"

विहीणबाईंनी मधेच हात जोडले. "गुरुवार? महाराजांचा वार! शेगावात जन्म अन् गुरुवार, बाप्पा! आता काही विचारू नका." आई पण हात जोडून मोकळी झाली. मग शुक्रवारचं कुणीच ऐकलं नाही. बहिणीनं भिंतीकडे तोंड केलं आणि बाळाला थोपटत राहिली. तिनं ठरवलेलं नाव ठ वरून नव्हतं, ते मात्र तिनं घेतलं नाही.

बारशापर्यंतचे दिवस घर ठ वरून नावं शोधत होतं. आई म्हणाली, "ठ वरून ठेवावं काय? ठाणेदार?" मी म्हणालो, "ठसका ठेव." बहीण हसली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण विनोदाच्या पलीकडे गेलंय. ती रात्रंदिवस बाळाशी बोलणारी मुलगी, आता त्याला नुसतं "अरे" म्हणायची.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या कॉम्प्युटरनं जीव सोडायला सुरुवात केली. प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर, त्याच्या पोटात आणखी. एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका उघडायला गेलो तर आत पत्रिकाच नव्हती, फोल्डरांची उतरंड होती. कोपऱ्यातली खूण हिरवी. समाधानी.

फोन केला तसा खामगावचा इंजिनियर नवी सीडी घेऊन मिळेल त्या गाडीनं आला. नेमके त्याच वेळी मेहुणे विहीणबाईंना घेऊन आले होते आणि विहीणबाईंना दुकानात बसून पाणी हवं होतं. बहीणही बाळाला घेऊन मागच्या खोलीतून बाहेर आली होती. इंजिनियरनं सीडी घातली. ती थोडी फिरली आणि पडद्यावर लाल चौकट.

"तारीख चुकीची आहे म्हणते," तो म्हणाला. "जुन्या व्हर्जनले कळत नव्हतं. नव्याले कळते. कोनं तरी घड्याळ मागं घेतलंय का, हेच आधी तपासते ते. तुमचा कॉम्प्युटर मागच्या वर्षात आहे, भाऊ."

मी छताकडे पाहिलं. आमच्या छतात पाहण्यासारखं काही नाही, पण मी पाहिलं.

बहिणीनं पाहिलं नाही. ती सरळ म्हणाली, "म्हणूनच गुरुवार."

विहीणबाईंना एवढं कळलं की काहीतरी कळायचं राहिलंय. "मागच्या वर्षात? मंग लेकराची पत्रिका?"

"मागच्या वर्षीच्या त्याच तारखेची," मी म्हणालो. "तेव्हा तर हा पोटातही नव्हता."

"अन् तारीख मागं कोनं घेतली?"

आई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. जावयाचं नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं. मी सीडीचं रिकामं कव्हर पुसायला घेतलं. इंजिनियर वायर गुंडाळत होता. शेवटी मेहुणेच म्हणाले, "मीच, माय."

घड्याळ या वर्षात आणलं. नवा पहारेकरी कामाला लागला आणि फोल्डरांची ती उतरंड उकलत गेली. मी पत्रिका पुन्हा केली. शुक्रवार आला. अक्षर आलं सा. बहिणीनं ठरवलेलं नाव सा वरून सुरू होत नव्हतं. तिनं फक्त बाळाचं टोपरं नीट केलं.

विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या मुलाकडे. त्यांच्या मनात सा वरची नावं चालू असणार, कारण ती तर ढिगानं आहेत. पण त्या म्हणाल्या वेगळंच.

"बापानं आपल्याच लेकराची पत्रिका वर्षभर मागं नेऊन ठेवली. आता नाव तरी त्याच्या मायले ठेवू दे. हा पोटात असताना काय म्हनत होती व तू याले?"

बहिणीनं हलक्या आवाजात नाव सांगितलं. विहीणबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "बरं आहे. राशीचं मी देवाले सांगते."

दुसऱ्या दिवशी पाळण्यावर तेच नाव घेतलं गेलं, आणि मेहुण्यांनी सगळ्यात मोठ्यानं घेतलं.

आता पहारेकऱ्याला काही आणून द्यावं लागत नाही. तो स्वतःच कुठूनतरी ओळखी करून घेतो, रोज, मला न सांगता. तारीख मागं घ्यायची सोय कधीच गेली. तरी बहिणीचा फोन आला की आधी विचारते, "भाऊ, तुह्या मशीनवर आज कोनता वार आहे?" आणि मी मुकाट्यानं वार वाचून दाखवतो.

भाच्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण दुकानाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तेच आहे. पहारेकऱ्याची नवी आवृत्ती मला वारंवार बजावते की हा पासवर्ड कमजोर आहे, बदला. मी चौकट बंद करतो. त्या नावाला काय काय पार करावं लागलं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.