तुमच्या सहीने कुणाचे पैसे निघतात?

“आई, तू तो अमेरिकेचा पासपोर्ट परत करून टाक,” प्रसाद म्हणाला.

मी पातेलंभर कांदा परतत होते. झारा खाली ठेवला नाही. म्हटलं, “का? तुझ्या खिशात टोचतो का?”

प्रसाद माझा मुलगा. अमेरिकेत नोव्हाय गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. आम्ही उभे होतो ते किचन एकेकाळी माझं होतं. नोव्हायच्या निम्म्या मराठी घरांत माझ्या पोळ्या जायच्या. दोन वर्षांपूर्वी ते मी मनीषाला विकलं आणि सांगलीला परत गेले. रिकामं बसणं जमत नाही म्हणून तिथे खानावळ काढली. मनीषा नागपूरची. आधी प्रसादच्याच कंपनीत होती. नोकरी सोडून कढया घेतल्या, चांगलं केलं. या एप्रिलमध्ये तिला आंबेडकर जयंतीच्या जेवणाची मोठी ऑर्डर होती, म्हणून मी हात द्यायला आले होते.

प्रसादची तक्रार खरी होती. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याला दरवर्षी अमेरिकेला टॅक्सचा हिशेब द्यावा लागतो. याला रिटर्न भरणं म्हणतात. कर बसो न बसो, कमाई ठरलेल्या रकमेच्या वर गेली की सांगावं लागतं. माझी खानावळ सांगलीत, गिऱ्हाईक सांगलीचं, कांदाही सांगलीचा. तरी सांगायचं अमेरिकेला. गेल्या वर्षी प्रसादने एका अकाउंटंट बाईंकडून ते करून घेतलं होतं. त्या रिटायर झाल्या. आता सगळं त्याच्या गळ्यात.

“मी यापुढे करणार नाही,” तो म्हणाला. “दरवर्षी व्हिडिओ कॉलवर तुझ्या पावत्या बघायच्या. तू तुझं करू शकत असशील तर ठेव पासपोर्ट. नाहीतर मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये जा, सही करून नागरिकत्व सोड, मोकळी हो.”

“आणि मग इथे यायचं झालं तर?”

“व्हिसा काढायचा. सगळे काढतात.”

मला चौथीपर्यंत शाळा. चौथीची परीक्षासुद्धा दिली नाही, त्याआधीच घरी बसवलं. आयुष्यात परीक्षा देऊन मिळवलेली एकच वस्तू माझ्याकडे आहे, तो पासपोर्ट. साहेबासमोर बसून प्रश्नांची उत्तरं दिली, इंग्रजीत एक वाक्य लिहून दाखवलं. ते मी टॅक्स भरायचा कंटाळा म्हणून परत देणार नव्हते.

“करते माझं मी,” मी म्हटलं. “कशावर करतात ते?”

“सॉफ्टवेअर असतं. ढीगभर आहेत. कुठलं घ्यायचं ते तुला कळणार आहे का?”

“आचारी ठेवताना मला कळतं. हेही कळेल.”

तो हसला आणि डबा घेऊन गेला.

आचारी ठेवताना मी त्याला गोड गोड प्रश्न विचारत नाही. त्याला माझाच तांदूळ देते आणि भात लावायला सांगते. त्या तांदळाचा भात कसा होतो ते मला आधीच माहीत असतं. म्हणून त्याचं काय चुकलं ते लगेच कळतं. मी मनीषाला म्हटलं, “गेल्या वर्षीचा रिटर्न आहे आपल्याकडे. तेच आकडे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये घालू. ज्याचं उत्तर बाईंच्या उत्तराशी जुळेल ते ठेवू.”

मनीषाचे डोळे चमकले. “काकू, ही तर टेस्टिंगच झाली! हेच करत होते मी कंपनीत.”

“मग कर की. भाजी मी बघते.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच स्टीलच्या टेबलावर मसाल्याचे डबे सरकवून तिने लॅपटॉप मांडला. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. ती वाचायची, मी सांगायचे. मला मजा यायला लागली होती, हे कबूल करते.

पहिलं सॉफ्टवेअर प्रसाद स्वतः वापरतो ते. दिसायला झकास. सांगलीचा पत्ता त्याने घेतला. मग मोबाईल नंबर मागितला. माझा सांगलीचा नंबर घातला तर घेईना. अमेरिकेचाच पाहिजे. लॉगिन करताना दरवेळी त्या नंबरवर एक कोड येतो, तो घातल्याशिवाय आत जाता येत नाही.

“प्रसाददादांचा नंबर घालू का?” मनीषाने विचारलं.

“आणि मी सांगलीत सकाळी काम करायला बसले की हा इथे झोपलेला. कुलूप माझं आणि किल्ली त्याच्या उशाशी. नको. पुढचं.”

दुसरं फुकट होतं. माझा नंबर त्याने मुकाट्याने घेतला. मनीषा भराभर आकडे घालत गेली. खानावळीची वर्षाची जमा घातली आणि पडद्यावर टॅक्सचा आकडा असा फुगला की ती खुर्चीवरून उठलीच.

“बाप रे काकू! तुम्ही तर कारखानदार होऊन राहिल्या!”

मी बघितलं. तिने रुपये घातले होते आणि सॉफ्टवेअरने ते डॉलर समजले होते. त्याला रुपया माहीतच नव्हता. आम्ही दोघी इतक्या हसलो की पोळ्या लाटणाऱ्या बायका काय झालं म्हणून बघायला आल्या. सगळे आकडे डॉलरमध्ये करून पुन्हा घातले. या वेळी उत्तर आलं, टॅक्स काही नाही.

मनीषा टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, “थांब. बाईंच्या कागदावर काय आहे?”

बाईंच्या कागदावर कर होता. मोठा नव्हता, पण होता. त्यांनी तो मला गेल्या वर्षी समजावून सांगितला होता. परदेशात राहून कमावलेल्या पैशावर अमेरिका एका मर्यादेपर्यंत आयकर घेत नाही. पण ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याला आणखी एक कर असतो, म्हातारपणाच्या पेन्शनच्या योजनेचा. काही देशांशी अमेरिकेचा करार आहे, तिथल्या लोकांना तो इथे भरावा लागत नाही. भारताशी तसा करार नाही. फुकटवाल्याने तो कर धरलाच नव्हता. कुठेतरी आमचं चुकलं असेल किंवा त्याचं. पण चुकलेलं त्याने आम्हाला सांगितलं नाही. उलट पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडवले.

“काकू, कमी दाखवतंय तर बरंच आहे नं?”

“भात कच्चा असला की लवकर होतो,” मी म्हटलं. “बंद कर.”

तिसरं छोट्या कंपनीचं. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन लोकांसाठीच काढलेलं. फुकट नव्हतं. नंबर सांगलीचा चालला. रुपये घातल्यावर त्याने स्वतःच विचारलं, हे कुठल्या देशाचे पैसे, आणि वर्षाच्या सरासरी दराने डॉलर करून दाखवले. शेवटचा आकडा आला. मनीषाने बाईंचा कागद पडद्याशेजारी धरला.

जुळला! शेवटच्या डॉलरपर्यंत जुळला.

मी झारा वाजवला. “हेच. यात आता या वर्षाचं घाल.”

या वर्षाचंही सरळ गेलं. आता पाठवायचं बटण येणार म्हणून मी हात पुसून तिच्या मागे उभी राहिले. बटणाऐवजी एक प्रश्न आला. मनीषाने तो मोठ्याने वाचला. अमेरिकेबाहेरच्या एखाद्या खात्यातून तुमच्या सहीने पैसे निघू शकतात का? पैसे तुमचे नसले तरी सांगा.

मी खुर्ची ओढून बसले.

“काय झालं काकू?”

“निघतात,” मी म्हटलं. “बाळूच्या एफडीवर माझं दुसरं नाव आहे. अडीअडचणीला असू दे म्हणून घातलंय. भाचीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशावर आहे. बचत गटाची मी अध्यक्ष, माझ्या सहीशिवाय गटाचा चेक निघत नाही.”

बाळू माझा धाकटा भाऊ. गटात आमच्या गल्लीतल्या बायका आहेत. माझ्याशी भांडायला कुणी धजत नाही म्हणून मला अध्यक्ष केलंय. आपल्याकडे हे असंच असतं. घरातलं वडीलधारं माणूस दिसलं की त्याचं नाव खात्यावर घालतात.

“एवढं सगळं तुमच्या नावावर?”

“नाव माझं आहे. पैसा माझा नाही. मला कधी वाटलंच नाही की तो सांगायचा असतो.”

मनीषाने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाली, “काकू, बाबांच्या पेन्शनच्या खात्यावर माझंही नाव आहे.”

तेवढ्यात प्रसाद कामावर जाता जाता कालचा रिकामा डबा द्यायला आला. आम्ही त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

“आई! अकाउंटंट बाईंनी मला विचारलं होतं. मी लिहिलं, खानावळीचं एकच छोटं खातं आहे.”

“मला विचारलंस का?”

“मला काय माहीत तू गल्लीची बँक झालीयेस!” तो फेऱ्या मारायला लागला. “ते न कळवल्याचा दंड माहितीये का? आता तर परत करच तो पासपोर्ट. आधी हे निस्तरू, मग सही करून मोकळी हो.”

मला दंडाची भीती नव्हती एवढी. पण हे मला झेपणार नाही हे त्याचं म्हणणं खरं निघालं तर पासपोर्ट ठेवून उपयोग नव्हता. मी मनीषाला म्हटलं, “या कंपनीला फोन लाव. माणूस बोलतं की मशीन ते बघू.”

माणूस बोललं. लॉरी नावाची बाई. मी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. भाऊ, भाची, गट. गट म्हणजे काय ते समजावताना घाम फुटला.

“म्हणजे बायका पैसे जमवतात, एकमेकींना कर्ज देतात, आणि सही तुमची?” लॉरीने विचारलं.

“हो.”

“आणि त्या परत करतात?”

“करतात. मी दारात जाऊन उभी राहते.”

ती इतकी हसली की प्रसादही थांबला. मग तिने सांगितलं. अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्या कुणाच्याही सगळ्या परदेशी खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली, तर खाती कळवायची. सहीचा अधिकार असलेलीही त्यात धरतात. हा कर नाही, नुसतं कळवणं आहे, आणि ते टॅक्सवाल्यांकडे नाही, वेगळ्या ऑफिसकडे जातं. व्याज कोणाचं, कोण आपल्या रिटर्नमध्ये दाखवतं, तेही तिने विचारलं. मी सांगितलं, ज्याचं त्याचं. मागची दोन वर्षं राहिली असतील तर तीही आता पाठवा, म्हणाली. उशिराचं कारण लिहायला जागा असते. खरं कारण लिहा. लपवलेली कमाई नसेल आणि विचारायच्या आधी आपणहून कळवलं तर बहुतेक वेळा दंड करत नाहीत.

“बहुतेक वेळा,” प्रसाद पुटपुटला.

“तुझ्यापेक्षा बरं बोलते ती,” मी म्हटलं.

आता प्रत्येक खात्याचा नंबर हवा होता. सांगलीत संध्याकाळ झाली होती. पहिला फोन बाळूला.

“ताई, अमेरिकेला कशाला सांगतेस? ते माझे पैसे घेतील!”

“तुझ्या पैशाने अमेरिकेचं काय होणार आहे? नंबर सांग.”

त्याने नंबर दिला, पण उद्याच बँकेत जाऊन माझं नाव काढतो म्हणाला. भाचीची आई म्हणजे माझी बहीण, तिनेही तेच सांगितलं. मी म्हटलं, काढा. माझं ओझं कमी.

मग गटाची सचिव शोभा. गटाची बैठक चालू होती, तिने व्हिडिओ लावला. मी म्हटलं, “शोभा, पासबुक काढ. आपलं खातं अमेरिकेच्या सरकारला कळवायचंय.”

पलीकडे सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता याही नाव काढा म्हणणार.

शोभाने विचारलं, “म्हणजे आपल्या गटाचं नाव तिकडे लिहिणार?”

“लिहावंच लागतं.”

“मग पूर्ण लिहा हं ताई. ‘जिद्द महिला बचत गट’. ‘महिला’ गाळू नका.”

मागून एकच गलका उठला. कोणी म्हणालं पेढे आणा. पासबुक कॅमेऱ्यासमोर असं धरलं की मला आकडे सोडून शोभाचा अंगठाच दिसत होता.

कारणाच्या जागेत प्रसादने भलंमोठं काहीतरी इंग्रजी लिहिलं. मी ते वाचून घेतलं आणि पुसायला लावलं. “लिही. हे मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं, म्हणून सांगते.”

“आई, असं नाही लिहीत गं.”

“खरं लिहा म्हणाली ना ती? लिही.”

त्याने लिहिलं. बटण मी दाबलं.

जयंतीच्या दिवशी हॉलवर जेवण वाढत असताना मनीषा फोन नाचवत धावत आली. रिटर्न मंजूर झाला होता. खात्यांचा कागद पोचल्याचीही मेल आली होती. मी हातातली पळी तशीच वर केली आणि ओरडले. रांगेतल्या लोकांना वाटलं पुरणपोळी संपली.

दंडाचं पत्र अजून तरी आलेलं नाही. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे. कुणाला सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर एवढंच सांगते. किंमत मागाहून बघा. मागच्या वर्षीचे आकडे त्यात शिजवून बघा, आणि ते तुम्हाला काय काय विचारतं ते बघा. जे काहीच विचारत नाही ते महागात पडतं.

प्रसाद मला विमानतळावर सोडायला आला. गाडीत रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, “आई, माझं आणि सासऱ्यांचं पुण्यात जॉइंट अकाउंट आहे. तेही धरतात का गं?”

मी म्हटलं, “लॉरीचा नंबर देऊ?”