नळीखालचं लाकूड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मला मनापासून कंटाळा होता. सणाचा नाही. सण सगळ्यांचा असतो, मीही शेजारीपाजारी जाऊन सोनं देतो-घेतो, कढी-पुरण जे वाढतील ते जेवून येतो. पण आमच्या तालुक्याच्या गावात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारं दुकान एकच, आणि ते माझं. त्याआधी वडिलांचं होतं. दसऱ्याला घाटाखालच्या सगळ्या गावांत हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर, आणि ज्याच्या घरी असेल त्याची बंदूक. पाटावर मांडतात, तेल चोपडतात, वर हळदकुंकू आणि तांदूळ. दुसऱ्या दिवशी त्याच बंदुका माझ्या टेबलावर.

"मिस्त्री, बसून राह्यली. उघडतच नाही."

कशी उघडणार? बिजागरीत तांदूळ, फटीत तेलात कालवलेलं कुंकू, आणि ते वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. मी म्हणायचो, "अरे बाबा, पूजा कर ना तिची, जेवाले काऊन घालतो?" गिऱ्हाईक हसायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ह्या बंदुकांना लोक अजून शिकारीच्या बंदुका म्हणतात, पण शिकार त्यांच्या आज्याच्या काळातच बंद झाली. आता पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळतो. रोही, म्हणजे नीलगाई, कपाशीत शिरले, रानडुकरांनी भुईमूग उकरला, की हवेत एक बार काढायचा. बहुतेक जुन्या एकनळी, बापाकडून पोराकडे आलेल्या. बैलाला रोज पाणी दाखवणारा माणूस बंदुकीला वर्षातून एकदा हात लावतो, आणि तोही कुंकवाचा.

नळीखाली एक लाकूड असतं. गोळी झाडताना डाव्या हातानं धरतात ते. नळी आणि मागचा भाग त्याच लाकडानं एकमेकांशी बांधलेले असतात. जुन्या बंदुकीत ते पेचानं आवळलेलं, काढायला पेचकस लागणार, आणि पेचकस कोण शोधत बसतो? त्यामुळे ते वर्षानुवर्षं कोणी काढतच नाही. त्याच्याखाली गंज धरतो. दुसरी एक खोड ह्या कपाशीवाल्यांचीच. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते म्हणून हे लोक घरचा कापूस तोंडाशी कोंबून ठेवतात, आणि रोही दिसला की घाईत विसरून जातात. रोहिणखेडकडच्या एका माणसाची नळी अशानं माझ्या देखत नाही, पण माझ्या हयातीत फाटली. माणूस वाचला. एक कान मात्र कायमचा गेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते लाकूड होतं. अंगठ्यानं कळ दाबली की सुटून हातात यावं, आणि ते सुटलं की नळीही सुटी व्हावी. माणसाच्या हातात सुटी नळी आली की तो आपसूक तिच्यातून उजेडाकडे बघतो, पोरं पुंगळीतून बघतात तसा. कापूस असेल तर दिसेल. कुंकू, तांदूळ फडक्यानं पुसून निघतील. वडिलांच्या वेळच्या एका मोडक्या बंदुकीवर मी अशी कळ बसवून पाहिली. बरीच खटपट केली. पहिली कळ इतकी सैल झाली की बंदूक उचलली की लाकूड खाली. दुसरी इतकी कडक की माझाच अंगठा सोलला. तिसरी बरोबर बसली. कचेरीत जाऊन विचारूनही आलो. नळी बदलत नाही, नंबर बदलत नाही, मग लाकडाचं तुमचं तुम्ही पाहा, असं तिथल्या बाबूनं सांगितलं. पण गिऱ्हाईक कुणीच तयार होईना. "चालून राह्यली ना मिस्त्री? मंग कायले छेडता?" ती मोडकी बंदूक फळीवर पडून राहिली, आणि मी तिच्याकडे पाहून रोज चिडत राहिलो.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बियाण्याच्या पाकिटावर अळी लागत नाही असं होतं, आणि दसऱ्याच्या तोंडावर पहिल्याच वेच्यात बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. बाजारात दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांतल्या एका बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानात आली. हातात भाजीची पिशवी, डोक्यावरून पदर. तिच्या नवऱ्याला मी ओळखत होतो. वर्षातून एकदा यायचा, कामापुरतं बोलायचा, स्वतःची बंदूक बाकीच्यांपेक्षा बरी ठेवायचा.

"मिस्त्रीभाऊ, बंदूक बिघडवता येते का?" तिनं विचारलं.

"इथं लोकं दुरुस्त कराले येतात, बाई."

"दिसाले चांगलीच दिसली पाह्यजे. पण उडाली नाही पाह्यजे."

मी कानस खाली ठेवली. तिनं रडतबिडत नाही, भाव सांगावा तसं सांगितलं. नवऱ्यानं उभ्या कपाशीत ढोरं सोडली. त्या दिवसापासून बोलणं बंद. जेवायला बसतो, ताट तसंच ठेवून उठतो. ओट्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसतो आणि एकाच फडक्यानं पुसत राहतो.

"फवारणीचे डबे मी हलवले घरातून. बंदूक कुठी हलवू? परवाना त्यायच्या नावाचा."

मला तिचा रागच आला. सरळ सांगतो, दया नंतर आली, आधी राग आला. मी म्हटलं, डॉक्टरले दाखवा, ठाण्यात बंदूक जमा करा, माझ्याकडे काय आहे?

"डॉक्टरले दाखवलं. गोया घेऊन राह्यले. ठाण्यात जमा केली तं सारं गाव विचारन, काऊन जमा केली? आन त्यायले समजलं का मी भेऊन राह्यली, तं ते अजून खचतीन."

मी नाही म्हटलं. चोरून बिघडवलेली बंदूक घेऊन माणूस डुकरापुढे उभा राहिला तर तेही मरणच. शिवाय हा गडी बंदुकीला बैलासारखं ओळखणारा. नुसता चाप ओढून त्याला कळलं असतं. हे सगळं मी तिला जरा मोठ्यानंच सांगितलं. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे, त्यामुळे माझ्या बायकोनं आतून सगळं ऐकलं आणि चहा पाठवला. बाईनं चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि गेली. माझ्या बायकोनं पडद्याआडून एवढंच म्हटलं, "इतक्या जोरात बोलायची गरज नव्हती."

जेवण गेलं नाही. कुठली कोण बाई, आली आणि आपल्या डोक्यावरचं माझ्या डोक्यावर ठेवून गेली. मी घाबरलो होतो. उद्या काही कानावर आलं असतं तर मला त्या टेबलापाशी बसवलं नसतं.

फळीवरच्या त्या मोडक्या बंदुकीकडे मी रोजच बघत होतो, पण त्या दिवशी निराळं बघितलं. लाकूड काढलं की ती बंदूक बंदूक राहत नव्हती. नळी एकीकडे, खांद्याला लावायचा कुंदा एकीकडे. काहीच बिघडवायचं नाही. फक्त तो वीतभर तुकडा कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न. आणि एकट्या त्याच्याच बंदुकीला कळ बसवली तर तो विचारणार, माझ्याच का? म्हणून सगळ्यांच्या बसवायच्या.

त्या दसऱ्यानंतर ज्यानं ज्यानं कुंकवानं अडकलेली बंदूक आणली, त्याला मी सांगितलं की कळ बसवून देतो, नाहीतर दुसरीकडे जा. दुसरीकडे कुठे जाणार? आणि वर एक नियम सांगितला. हे लाकूड काम झालं की काढून ठेवायचं, वलाव्यानं फुगतं आणि मग बसत नाही. ठेवायचं कुठे, तर घरात सगळ्यात कोरडी जागा धान्याची कोठी, तिथे. हे अगदी खोटं नव्हतं, लाकूड फुगतंच. पण आमच्याकडे धान्याच्या कोठीला कुलूप असतं आणि किल्ली घरातल्या बाईच्या कमरेला, हे मला पक्कं माहीत होतं.

तोही आला. पांढरा सदरा, दाढी वाढलेली. मी इतरांना दाखवलं तसंच त्याला दाखवलं. त्यानं कळ दाबली, लाकूड हातात आलं, नळी सुटी झाली. त्यानं ती उजेडाकडे धरून पाहिली. मग लाकूड उलटंसुलटं करत बसला.

"हे कोठीत ठेवा लागते?"

"कोठीत. वलावा लागला का बसत नाही."

"कोठीची किल्ली तिच्यापाशी राह्यते."

"साऱ्यायच्याच घरी तसं हाय," मी म्हटलं आणि कानस घेऊन दुसऱ्याच कामाला लागलो. तो जरा वेळ माझ्याकडे बघत होता.

"बरं हाय," तो म्हणाला, आणि गेला.

पुढे ह्या लाकडानं मला भरपूर शिव्या खाऊ घातल्या. पारावर थट्टा सुरू झाली. "आता डुक्कर आलं तं आधी बायकोले अर्ज द्या लागते." एक जण दुकानात येऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमी बायकायचे वकील केव्हा झाले?" मी म्हटलं, तुमच्या नळीतला कापूस आधी काढा, मग माझी वकिली काढा. पण बंदुका स्वच्छ येऊ लागल्या, हे कोणी नाकारू शकत नव्हतं. कुंकू पुसलेलं, बिजागरी मोकळी. हळूहळू तो रिवाजच झाला. दसऱ्याला गडीमाणूस नळी आणि कुंदा पाटावर मांडतो, मग घरची बाई कोठी उघडून लाकूड आणते आणि शेजारी ठेवते, तेव्हा पूजा सुरू होते. हे मी कोणाला शिकवलं नव्हतं.

ती बाई परत कधी दुकानात आली नाही. पण बाजाराच्या दिवशी समोरून जाताना माझ्याकडे बघून मान हलवायची. एवढीच खबर. तिनं मान हलवली की माझा तो आठवडा चांगला जायचा. तिच्या नवऱ्यानं पुन्हा पेरणी केली, कपाशी कमी करून सोयाबीन घेतलं, एका वर्षी दोन्ही गेलं, एका वर्षी बरं आलं. बंदूक दर वर्षी दाखवायला आणायचा. बोलायचा कमीच, पण चहाला नाही म्हणेनासा झाला.

असं बरंच चाललं. मग एका बाजाराला ती दिसली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या खेपेला मी दुकान उघडं टाकून त्यांच्या गावच्या मिरचीवालीला विचारायला गेलो. तिनं सांगितलं, बाई तापानं गेली. बुलढाण्याला नेलं होतं, परत आणलं ते तसंच. माझ्या मनात आधी काय आलं असेल? तो नाही, ती. सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटायलाही मला जरा उशीरच झाला, कारण मी कोठीच्या किल्लीचा विचार करत होतो.

त्यांच्या गावाला जावं की नाही, काय म्हणून जावं, ह्यात माझे दिवस गेले. तोच आला. बाजाराचा दिवस नव्हता. बंदूक आणली नव्हती. पिशवीतून त्यानं ते लाकूड काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"मिस्त्री, हे आता कोणापाशी ठेवू?"

"कोठीत," माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

"कोठीची किल्ली आता माह्यापाशीच हाय."

मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"पह्यल्याच दिवशी. माह्या आज्यापासून बंदूक हाय घरात. तिचं लाकूड कधी फुगलं नाही."

"मंग बोलले काऊन नाही?"

तो लुगड्याच्या तुकड्याची घडी घालत होता. "तिले झोप लागाले लागली होती," तो म्हणाला. "त्या वर्षी लय दिवसानं ती झोपली."

मी लाकूड उचललं आणि आतल्या दारापाशी गेलो. पडद्याआडून माझ्या बायकोचा हात आला. तिनं ते घेतलं. आत पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. मी परत येऊन बसलो आणि म्हटलं, रोही आले तर?

"सकायी येऊन नेत जाईन. संध्याकायी आणून देईन." त्यानं घडी खिशात ठेवली. उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"दुकान रोज उघडं राह्यते ना, मिस्त्री?"

"रोज. जुम्म्याले दुपारी नमाजपुरतं बंद राह्यते."

"तेवढं चालते," तो म्हणाला.