चालताना आईशी बोलायचं नाही!

“काकू, सकाळी नाश्ता काय केला होता?”

मी एवढंच विचारलं. जमिनीवरच्या पिवळ्या टेपवरून सुमनकाकू गायकवाड बऱ्यापैकी चालत होत्या. प्रश्न ऐकला आणि त्या खांबासारख्या थांबल्या. एक हात हवेत गेला, शरीर डावीकडे कललं. त्यांच्या कमरेला पट्टा बांधला होता, तो मी घट्ट धरला म्हणून ठीक.

खुर्चीतून त्यांचा मुलगा मिलिंद ताडकन उठला. “मॅडम, चालताना आईशी बोलायचं नाही! घरात आमचा तो रूलच आहे.”

शेजारी बसलेले गायकवाड काका नुसतेच मान हलवत होते. तोंड घट्ट मिटलेलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंडच्या एका छोट्या सेंटरमध्ये काम करते. माझ्याकडे बहुतेक आजी-आजोबाच येतात. काकूंची केस अशी होती. स्वयंपाकघरातून बाहेर येताना काकांनी विचारलं, “माझा चष्मा कुठंय गं?” काकू उत्तर द्यायला वळल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. ते जुळून आलं, डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्याही केल्या. सगळं नॉर्मल. पण मिलिंदने धसका घेतला. आई उभी असली की घरात कुणी बोलायचं नाही. आई एकटी खाली उतरणार नाही. आणि जयंतीच्या मिरवणुकीत तर अजिबात नाही.

खरं दुखणं तिथे होतं. काकू विहारातल्या महिला मंडळात भीमगीतं गातात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे चालत पहिली ओळ काकू उचलतात आणि मागच्या बायका ती झेलतात. लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून त्यांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

“गायचं असेल तर स्टेजवर खुर्ची ठेवतो ना,” मिलिंद म्हणाला.

“खुर्चीत बसून मिरवणूक निघते का रे?” काकू म्हणाल्या.

यात नेमकं काय बिघडतं, ते सांगते. तरुणपणी आपण चालतो ते आपोआप. मेंदू दुसरीकडे मोकळा असतो. वय वाढलं की चालण्याकडेही लक्ष द्यावं लागतं. त्यात कुणी प्रश्न विचारला की मेंदूची ओढाताण होते, कुठलं तरी एक काम सुटतं. चालणं सुटलं तर माणूस पडतो. यावर आम्ही ड्युअल टास्क ट्रेनिंग देतो. म्हणजे तोलाचा व्यायाम आणि डोक्याचा व्यायाम एकाच वेळी. टेपवरून चालायचं आणि शंभरातून तीन-तीन वजा करत जायचं. जाड फोमवर उभं राहायचं आणि भाज्यांची नावं घ्यायची.

मी मिलिंदला म्हटलं, “तुम्ही सगळे गप्प बसलात तर त्यांची बोलत चालायची सवय आणखी जाईल. रस्ता थोडाच गप्प बसणार आहे?”

तो तयार झाला, पण तोंड वाकडं करून.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. वजाबाकी आली की काकूंचे पाय थिजायचे. “मॅडम, मला शाळेतपण गणित येत नव्हतं,” त्या म्हणायच्या. भाज्या बऱ्या होत्या, पण चौथ्या-पाचव्या भाजीला पाय अडखळायचे. मिलिंद मोबाइल बघायचा आणि सुस्कारे सोडायचा.

मग एक दिवस मिलिंदला यायला जमलं नाही, काका एकटेच बरोबर आले. काकू फोमवर जागच्या जागी पावलं टाकत होत्या. “भेंडी, गवार, पडवळ, दुधी...” आणि अडकल्या.

काकांना राहवलं नाही. “घोसाळं राहिलं!”

“घोसाळं तुम्ही कधी खाता का?” काकू म्हणाल्या. “ताटात दिसलं की तोंड फिरवता! मग मी का सांगू?”

“अगं, भजी केलीस तर खातो की!”

“भजी म्हणजे काय भाजी झाली? आणि तेलाचं कोण बघणार? डॉक्टर मला ओरडतात!”

मी श्वास रोखून बघत होते. काकूंचे पाय एका तालात चालले होते. फोमवर. भांडता भांडता त्या मानही वळवत होत्या. पट्टा माझ्या हातात सैल लोंबत होता.

“काकू,” मी हळूच म्हटलं, “तुम्ही चालताय. आणि भांडताय.”

काकूंनी खाली पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि त्या अशा हसत सुटल्या, की मला दोन्ही हातांनी धरावं लागलं. काका डोळे पुसत म्हणाले, “किती दिवसांनी ओरडली माझ्यावर!”

त्या दिवसापासून काका माझं सगळ्यात भारी इक्विपमेंट झाले. काकू टेपवर आल्या की काका सुरू. “गॅस बंद केलास का?” “तुझ्या बहिणीच्या नणंदेचं नाव काय गं?” “परवा मी कुठला शर्ट घातला होता?” काकू चालता चालता उत्तरं द्यायच्या, वर दोन गोष्टी सुनवायच्या. बाकीचे आजी-आजोबा आपापले व्यायाम सोडून बाजू घ्यायला लागले. हॉलमध्ये नुसता दंगा!

सेंटरचे मालक शहा सर धावत आले. “अरे, हे चाललंय काय? बाजूचे डेंटिस्ट कम्प्लेंट करतायत. त्यांचा पेशंट हसून हसून हलतोय. ड्रिल कुठे मारू म्हणतात!”

“सर, थेरपी चालू आहे.”

“थेरपी? मला वाटलं, सोसायटीची मीटिंग आहे!”

सर दारातच थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, “शर्ट निळा होता. मी बघितलेला.”

एका दुपारी मी काकांबरोबर पॅसेजमधून येत होते. ते मला काहीतरी सांगायला लागले आणि थांबले. सांगून झालं, निघाले. पुन्हा काही आठवलं, पुन्हा थांबले. माझी ट्यूब पेटली. मी त्यांना टेपवर उभं केलं. “काका, चालत चालत तुमच्या ऑफिसचं सांगा.”

“आमच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ना...” म्हणत काका जागीच थांबले. मी म्हटलं, थांबू नका. त्यांनी पाऊल टाकलं आणि थेट माझ्या अंगावर आले.

“लग्न झाल्यापासून हे असंच!” काकू टाळ्या पिटत ओरडल्या. “यांच्याबरोबर बाजारात निघालं की पोचेपर्यंत बाजार उठतो!”

पण तेव्हाचं थांबणं ऐटीचं असेल, आताचं तोलाचं होतं. मग कमरेचा पट्टा काकांनाही लागला. प्रश्न विचारायचं काम काकूंकडे गेलं आणि त्यांनी मागचं सगळं उट्टं काढलं.

एप्रिल आला. मिलिंदने टेपवरचं चालणं बघितलं, जिने बघितले, तरी त्याचा जीव खालीवर. शेवटी म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाजूला असाल तरच.”

मी गेले. संध्याकाळची वेळ, विहारापासून नाक्यापर्यंत निळे झेंडे, ढोलताशा, कोपऱ्यावर सरबताची पिंपं. पांढऱ्या साड्यांमधल्या बायका आणि सगळ्यांच्या पुढे काकू. पदराखाली पट्टा, एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला मिलिंद मोबाइलवर शूटिंग करत होता. काकूंनी पहिली ओळ उचलली आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढा आवाज या बाईने इतके महिने कुठे ठेवला होता?

पुढे स्पीडब्रेकर होता. मी पट्ट्याकडे हात नेला. नेमकं त्याच वेळी वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “सुमनताई, जय भीम! लाडू केलेत गं!”

आता पडणार, मला वाटलं.

काकूंनी मान वर केली. दोन ओळींच्या मधल्या जागेत म्हणाल्या, “जय भीम! चार ठेव!” आणि स्पीडब्रेकर ओलांडून, ताल न सोडता, पुढची ओळ उचलली.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, भर रस्त्यात. मिलिंद एकीकडे हसत होता, एकीकडे नाक ओढत होता. त्या मोलाच्या क्षणाचं शूटिंग आम्ही नंतर पाहिलं, तर त्यात फक्त त्याचे बूट होते.

“बघितलंत मॅडम?” मागून काका म्हणाले आणि थांबले. मागची सगळी रांग त्यांच्यावर आदळली.

“अहो, चाला!” काकू मागे न बघता ओरडल्या.

“चालतोय, चालतोय!” काका पाय उचलत म्हणाले. “आणि बोलतोयसुद्धा!”

मिरवणूक नाक्यापर्यंत गेली आणि परत आली. काकू पडल्या नाहीत. मी मात्र नाचताना घोटा मुरगळून घेतला आणि पुढचा आठवडा लंगडत पेशंट बघितले.

आता नवीन पेशंट आला की मी बरोबरच्या नातेवाइकालाही टेपवर चालवते आणि चालताना काहीबाही विचारते. बरेच जण म्हणतात, “अहो, मी नुसता सोबत आलोय.” सोबत आलेल्यांचा तोल सहसा कुणी तपासलेला नसतो.