गौरीपुढे मांडलेलं यंत्र

पिंपरीत कारखाने नुकतेच उभे राहत होते आणि नवरा त्यातल्या एकात फिटर होता. चिंचवडच्या आमच्या एका खोलीत वर्षभर खपून त्याने शेंगा फोडायचं यंत्र केलं. दांडा फिरवला की खाली अख्खे दाणे, बाजूला टरफलं. पुण्याच्या वकिलांनी बजावलं होतं, "मालाच्या नावाची नोंद मागाहूनही होईल. कागदावरची रेखाटनं तुमचीच राहतील. पण पेटंट हवं तर अर्ज जाईपर्यंत यंत्र बाहेर कुणाला दाखवू नका."

नवऱ्याने हे मला दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. तेवढंच मला छान जमायचं.

अर्जाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. शेजारणींच्या आराशीत कलिंगडाची कमळं, माझ्याकडे काय? मी यंत्र लख्ख पुसलं, त्याला मोगऱ्याचा गजरा घातला आणि गौरीपुढे मांडलं. बायकांना यंत्रातलं काय कळतंय, असं मला, एका बाईलाच, वाटलं! पलीकडच्या गल्लीतल्या पत्र्याच्या कारखानदाराच्या बायकोने दांडा फिरवला, दाणे निरखले.

"आत जाळी कसली हो?"

मी शहाणीने झाकण उघडून दाखवलं. वर पन्हंही दिलं.

शिफ्टवरून आलेला नवरा गजऱ्याकडे बघत उंबऱ्यातच थांबला.

"किती जणी होत्या?"

"सतरा."

तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी कागद पुढे सरकवला. "घराबाहेरच्या कुणी पाहिलेलं नाही ना? विचार करून सही करा."

नवऱ्याने टाक उचलला. टोक कागदावर टेकलं, तिथेच थांबलं. निबाखाली शाईचा ठिपका पसरत चालला. मी शेजारच्या खुर्चीतून पुढे सरकले.

"सतरा जणींनी पाहिलंय," मी म्हणाले. "एकीने आतूनसुद्धा."

"वहिनी, आतून कशाला?"

"तिने विचारलं म्हणून."

वकिलांनी कागद हळूच मागे ओढून घेतला.

दसऱ्याच्या सुमारास चाकणच्या बाजारात आम्हाला त्या कारखानदाराची यंत्रं मांडलेली दिसली. दांडा डाव्या बाजूला. नवरा डावखुरा, म्हणून त्याने तो तसा बसवला होता. चोराने तेवढंही बदललं नव्हतं. गिऱ्हाइकं उजव्या हाताने खटपट करून वैतागत होती. नवरा पुढे झाला आणि त्याने डाव्या हाताने भराभरा शेंगा फोडल्या.

विकणारा खूश झाला. "वा राव, तुमाला तर लई झ्याक जमतंय!"

मी कांद्याच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहिले.