काकीचा धवला आणि माझे ओठ

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी मुरबाडला बीएससी करते, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. अंगात येणं, वारं लागणं असलं काही मी मानत नाही. गावात कुणी सांगू लागलं तर मीच वाद घालते. म्हणून हे सांगताना थोडी लाज वाटते... पण सांगायचंय!

आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराला लागून. माझी काकी धवले म्हणायची. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं गाणं. हळद दळताना ती जात्यापाशी बसून एक ओळ म्हणणार, बाकीच्या बाया तीच ओळ मागून म्हणणार. नवरीचं नाव, नवऱ्याचं गाव ती त्या त्या वेळी ओळीत बसवायची. आजूबाजूच्या गावांतूनही तिला बोलावणं यायचं.

मग तिला लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला – "तेच." पाणी हवं तरी तेच, राग आला तरी तेच. तिची मुलगी कल्पीताई नोकरी सोडून घरी बसली. काकीला भरवणं, वेणी घालणं, सगळं तीच करायची. त्यानंतर ताईचं लग्न किन्हवलीला ठरलं. ताई मला एकदा म्हणाली, "मला दागिने नकोत गो. आयेच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय. सासरी गेल्यावर कधी ऐकनार?"

काकीने शेजारच्या सुनीच्या लग्नात म्हटलेला धवला माझ्या मोबाइलमध्ये होता. मी म्हटलं, हळद दळताना तो स्पीकरवर लावू, निदान तिचा आवाज तरी मांडवात ऐकू येईल. ताई खूश झाली. आणि आम्ही दोघी शहाण्या एक गोष्ट विसरलो...

दुपारची वेळ. मांडवात जातं मांडलेलं, बाया जमलेल्या, काकी खुर्चीत. मी तिच्या मागे मोबाइल घेऊन उभी. ताईची मैत्रीण समोरून व्हिडिओ घेत होती. स्पीकरमधून काकीचा जुना खणखणीत आवाज आला –

"हळद दळा गो, जातं फिरवा, सुनीच्या अंगाला हळद लावा..."

"आगो! सुनी कोन? सुनीला तर पोर पन झाला!" एक मावशी म्हणाली आणि सगळ्या हसत सुटल्या.

आत्या मात्र भडकली. "बंद कर तो डबा! दुसरीच्या नावानं हळद दळतात का? अपशकून नुसता! कॉलेजात हेच शिकवतात वाटतं!"

ताई रडायला लागली. मी बंद करायला गेले तर मोबाइल हँग. सुनी, सुनी चालूच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी स्पीकरची वायरच उपटली.

तेवढ्यात माझ्या पुढ्यातून आवाज आला. त्याच सुरात, वायर उपटली तिथूनच पुढे –

"कल्पीच्या अंगाला हळद लावा..."

काकी! बाया मागून म्हणायचंच विसरल्या. काकी थांबली नाही. किन्हवलीचं नाव घेतलं, जावयाचं घेतलं. मग म्हणाली,

"घास भरविला, वेणी घातली, आईची आई कल्पी निघाली..."

अंगावर काटा आला हो! मला एवढंच आठवतं की छातीत जातं फिरल्यासारखी घरघर होती आणि मांडव कुठेतरी लांब गेला होता.

ताई काकीच्या पायाशी बसली. "आये, परत म्हन. नुसता नाव म्हन."

काकीने ओठ हलवले. "तेच... तेच." आणि रडली.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बोलणं गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, गाण्याला मेंदूत वेगळी वाट असते, जुनी गाणी तर हमखास येतात. ठीक. पण ती शेवटची ओळ जुनी नव्हती. ती याआधी आत्याने कधी ऐकलेली नाही, कुठल्याच बाईने ऐकलेली नाही. आजारपणातलं सगळं होतं त्यात.

आणि आता मुख्य गोष्ट. लग्नानंतर आम्ही तो व्हिडिओ पाहिला. त्यात त्या ओळीला माझेही ओठ हलतायत. काकीच्या मागून नाही – तिच्या बरोबर, शब्दाला शब्द! मी तिच्या पाठीमागे होते, मला तिचं तोंडही दिसत नव्हतं. मला धवले येत नाहीत. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "तुला तसं वाटतंय." पण दिसतंय ना!

गेल्या रविवारी कल्पीताईचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, आयेसमोर धर. तिने तिकडून ती ओळ म्हणायला घेतली, "आईची आई..." आणि मुद्दाम थांबली. मी यावेळी ठरवून हाताने तोंड गच्च दाबून बसले होते.

काकीने डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलं. मग सुरात म्हणाली, "कल्पी."

तिकडे ताई हसत होती की रडत होती, कळेना. माझ्या हाताखाली माझे ओठ बंदच होते, नक्की बंद होते. पण गळा आतून हलला... तेव्हाच. का, ते मला अजून माहीत नाही.