अकलोलीला पाठवलेल्या बायका

पूर्ण्याला मोठ्या गोदामांच्या मागे रेशमी धाग्याला पीळ देणारा एक कारखाना होता. तिथे मी चार वर्षं काम केलं. मला तिथे लावलं ते आमच्या शेजारच्या वहिनींनी. नात्यातल्या नव्हत्या, पण माझी आई गेल्यावर आमच्या घरात पहिली भाकरी त्यांनीच थापली होती. पडघ्याजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघी एकाच रिक्षाने निघायचो.

तुटलेला धागा मशीनच्या पट्ट्यावर गुंडाळला जायचा. मशीन बंद करून तो काढावा, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पण मशीन थांबलं की सुपरवायझर धावत यायचा. म्हणून चालू मशीनमध्ये हात घालायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली होती. एका दुपारी वहिनींच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली. त्या ओरडल्या असणार, पण त्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. वळून बघते तर त्या जमिनीवर बसलेल्या, हात पदरात घट्ट धरलेला.

शेठने त्यांना ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. कागदावर लिहून आलं, घरी विळीवर कापलं. जखम भरल्यावर वहिनींना पॅकिंगला बसवलं. तीन बोटांनी त्या पेट्या बांधायच्या.

पुढे एकदा आमचा धागा विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती, तेव्हा सुपरवायझरने आम्हाला उभं केलं. "कल कंपनी के मेहमान आएँगे. आठ घंटा ड्युटी, हफ्ते में एक छुट्टी. सबको याद है ना?" आमची ड्युटी बारा तासांची होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि वहिनींसह पाच जणींना अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेला. ज्यांच्या अंगावर मशीनची काही ना काही खूण होती, त्याच नेमक्या त्या पाच जणी. वहिनींनी नवी साडी नेसली होती. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

पाहुण्यांमधली एक तरुण मॅडम मला वेगळ्या खोलीत घेऊन बसली. दहावी पास म्हणून शेठने मुद्दाम मलाच पुढे केलं होतं.

"इथं कधी कुणाला लागलंय का?" तिने मराठीत विचारलं.

"न्हाय, मॅडम."

"घाबरू नका. तुमचं नाव कुठेही जाणार नाही."

"कुणालाच न्हाय लागलं."

तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिने ते लिहून घेतलं.

संध्याकाळी वहिनी परतल्या, केस अजून ओलेच. "हाताला लय बरं वाटलं गं. तुला काय इचारलं?"

मी सांगितलं. त्यांनी ओले केस पदराने पुसले. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

दोन महिन्यांनी त्यांना कामावरून कमी केलं. बोटांची भरपाई मागायला त्या शेठकडे गेल्या, मी सोबत होते. शेठने कपाटातून त्या पाहुण्यांच्या तपासणीचा कागद काढला. "हमारे यहाँ आज तक कोई हादसा नहीं हुआ. ये लिखा है." आणि माझ्याकडे बोट केलं. "इसी से पूछ लो."

वहिनींनी मला विचारलं नाही.

मी ते काम सोडलं. आम्ही दोघी कामगार कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या माणसाने हजेरीचा पुरावा मागितला, आणि वहिनींचं नाव कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. डॉक्टरचा कागद होता, त्यावर विळी होती.

आता त्या घरीच असतात. भाताच्या लावणीला कुणी बोलवत नाही. आवण, म्हणजे भाताची रोपं, धरायला बोटं लागतात. मी एका गोदामात खोक्यांवर पट्ट्या मारते. मागच्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर बसून मी मनातलं बोलले.

"वहिनी, त्या मॅडमला मी खरं सांगायला पायजे होतं."

"सांगलं असतंस तर दोघी घरी बसलो असतो."

"बसलो असतो," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताने माठाची भाजी निवडत राहिल्या. मी त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले.