ठाण्यातली कान कापलेली कुत्री

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. दारात एक कुत्री बसायची. तिला भाकरी घालायचे आमचे एक हवालदार. मी बिस्कीट टाकलं तर हुंगून त्यांच्याकडे जायची. फिर्यादीसुद्धा आधी त्यांनाच शोधायचे. खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा.

एकदा ते म्हणाले, "साहेब, भटक्या कुत्र्यांच्या सरकारी ठेकेदारानं नसबंदी केल्याची खूण म्हणून हिच्या कानाले खाच मारली. मंग हे गाभण कशी? तो नुसते कान कापून बिलं काढून राहिला."

मुद्दा बिनतोड होता. पण सुचला त्यांना, मला नाही! "आता कुत्रीची फिर्याद घेऊ का?" म्हणत मी उडवून लावलं.

आठवड्याने ठेकेदाराच्या गाडीने तिलाच पुन्हा उचललं. हवालदार भाकरी हातात घेऊन दारात उभे राहिले. तेव्हा कुठे मी चौकशी लावली.

गाडीवरच्या मजुराला आणलं. तासभर मी टेबल आपटलं. "मले काई मालूम नाई," एवढंच त्याचं. हवालदारांनी चहा दिला, त्याच्या मनगटावरचे चावे पाहिले. "काहून रे भाऊ, कुत्रं चावल्याची सुई तरी देल्ली का त्यानं तुले?"

तो रडायलाच लागला. "नाई देल्ली. आमच्याकडं डाक्टरच नाई, साहेब. कान कापतो, फोटो काढतो. तेच कुत्रं दुसऱ्यांदा बी धरतो."

पंच आणि पशुवैद्यकीय अधिकारी घेऊन आम्ही त्या शेडवर छापा घातला. सगळ्या कुत्र्यांचे कान कापलेले, पोटावर टाक्याची खूण एकाच्याही नाही. आमची कुत्री कोपऱ्यात व्यालेली होती. पाण्याचं भांडं कोरडं, चारही पिल्लं मेलेली. हवालदार खाली बसले, तेव्हा तिने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आणि त्याही क्षणी मला त्यांचा हेवा वाटला.

अहवालात मी लिहिलं, 'गुप्त बातमीदाराकडून मिळालेल्या खात्रीलायक माहितीवरून.' तो टाइप हवालदारांकडूनच करून घेतला. त्यांनी तो वाचला आणि पुढे सरकवला. "बराबर हाय, साहेब. सही करा."

प्रशस्तिपत्र मला मिळालं. ठेकेदाराने सरकारला फसवलं, हे मी कोर्टात छातीठोकपणे सांगितलं. पण आठवडाभर फिर्याद अडवून ठेवली ती मी, आणि ती चार पिल्लं माझ्या नावावर आहेत. हेव्यापोटी माणूस समोरचा पुरावाही नाकारतो, हे मी या प्रकरणात स्वतःवरून शिकलो.

अशा आठवणींत कुणाचं नाव लिहू नये, असा शिरस्ता आहे. तो मी इथे पाळला. त्या अहवालात मात्र एक नाव लिहायलाच हवं होतं.